डोंगरावरील सायकल ट्रेल: स्वयंसेवकांना बांधणी आणि देखभालीचे प्रशिक्षण कसे द्यावे

दसऱ्याच्या सुमारास डोंगरात सायकल चालवणाऱ्या एखाद्या तरी गटाचा निरोप येतो. उन्हाळ्यात चार रविवार श्रमदान करून ट्रेल बांधला, माणसे उत्साहाने आली, आणि जुलै संपायच्या आत त्या ट्रेलची घळ झाली. जागेवर जाऊन पाहिले की कारण बहुधा एकच निघते: लोकांच्या हातात कुदळ-फावडे आधी दिले गेले आणि पाणी कुठून येते व कुठे जाते हे कोणी शिकवलेच नाही.

हा लेख पुणे, सातारा, नाशिक या भागांतल्या मुरमाड डोंगरउतारांना समोर ठेवून लिहिला आहे. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरहून अधिक. घाटमाथ्यावर किंवा कोकणातल्या जांभ्यावर काम करणाऱ्यांनी पुढे दिलेल्या उताराच्या मर्यादा आणखी कमी धराव्यात. कामाचा क्रम मात्र सगळीकडे हाच ठेवावा.

आपल्याकडच्या स्वयंसेवकांबाबत एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे. श्रमदानाला येणाऱ्या अनेकांनी पूर्वी सलग समतल चर खोदलेले असतात. चराचे काम पाणी अडवून जिरवण्याचे असते, म्हणून तिथे खणलेली माती उताराच्या खालच्या बाजूला बांधासारखी रचतात आणि तेच योग्य असते. ट्रेलचे काम याच्या उलट आहे. डोंगरावरून येणारे पाणी ट्रेलवर जराही न रेंगाळता आडवे ओलांडून खाली निघून गेले पाहिजे. हाताला लागलेली सवय सहज जात नाही, त्यामुळे ट्रेलच्या बाहेरच्या कडेला मातीचा वरंबा आपोआप तयार होतो, पाणी आतच कोंडते आणि वाटेवरून धावू लागते. प्रशिक्षणाचा निम्मा वेळ ही सवय मोडण्यात जातो, आणि तो जाऊ द्यावा.

टप्पा १: जमीन कोणाची आहे ते कागदावर पाहणे

टेकडी मोकळी दिसते म्हणून ती कोणाची नाही असे नसते. वनविभाग, महानगरपालिका, ग्रामपंचायतीचे गायरान, संरक्षण खाते आणि खाजगी मालक यांच्या जमिनी एकाच उतारावर एकमेकींना लागून असू शकतात. म्हणून प्रथम गट क्रमांक शोधावा, सातबारा काढावा आणि नकाशावर ट्रेलची अंदाजे रेघ ओढून ती कोणाकोणाच्या हद्दीतून जाते ते पाहावे. वनजमिनीवर साधी पायवाट रुंद करण्यासाठीही वनविभागाची लेखी परवानगी लागते. वनरक्षकाने तोंडी दिलेला होकार पुरेसा नाही, कारण त्याची बदली झाली की तो होकारही जातो. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्या बैठकीत विषय मांडावा. अभयारण्य, देवराई आणि संरक्षित स्मारकाचा परिसर यांतून वाट काढण्याचा विचारच करू नये.

अर्जात ट्रेलची लांबी, रुंदी, कामाचे महिने, कोणती हत्यारे वापरणार, एकही झाड तोडणार नाही हे वाक्य, आणि देखभाल कोण करणार हे स्पष्ट लिहावे. देखभालीचा मुद्दा बहुतेक अर्जांत नसतो, आणि अधिकारी नेमके तेच विचारतात.

इशारा: परवानगी येईपर्यंत स्वयंसेवकांना बोलावू नये. तारीख जाहीर झाली की "नुसते गवत तरी काढून ठेवू" असा आग्रह सुरू होतो आणि परवानगीचे काम तिथेच बिघडते.

टप्पा २: माणसे, महिने आणि हत्यारे

पन्नास माणसांना एकदम शिकवता येत नाही. आधी सहा ते आठ जणांचा एक गट निवडावा आणि त्यांना गटप्रमुख म्हणून पूर्ण शिकवावे. नंतरच्या मोठ्या श्रमदानात यातल्या प्रत्येकाच्या हाताखाली सहा ते आठ स्वयंसेवक द्यावेत, त्याहून अधिक नाहीत. निवड करताना वेगाने सायकल चालवणाऱ्यापेक्षा संथपणे काम करणारा, दुसऱ्याचे ऐकून घेणारा माणूस शोधावा. शेतीत किंवा बांधकामावर काम केलेला एक जरी माणूस गटात असला तरी मोठा आधार होतो, कारण फावडे कसे धरायचे आणि ढाळ कसा काढायचा हे त्याला सांगावे लागत नाही.

मातीकामाचा खरा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा आहे. त्या वेळी मुरमात ओल असते, तो नीट कापला जातो आणि दाबला की बसतो. एप्रिल-मे महिन्यांत खणलेली कोरडी माती दाबली जात नाही. ती भुकटी होऊन पडून राहते आणि पहिल्या वळवात वाहून जाते. उन्हाळ्यातले श्रमदान लोकांच्या सुट्टीला सोयीचे असते, पण मातीला सोयीचे नसते. शिवाय उन्हाळ्यात टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती दगडांत सहज दिसत नाहीत.

आठ जणांच्या एका तुकडीला पुढील सामान पुरते: दोन कुदळी, एक टिकाव, तीन फावडी, एक पहार, एक लोखंडी दाताळे, एक धुम्मस, दोन घमेली, एक करवत आणि एक कोयता. याखेरीज उतार मोजण्याचे साधन, आखणीसाठी सुती कापडाच्या पट्ट्या आणि बांबूच्या खुंट्या, प्रत्येकाला हातमोजे, जाड तळाचे बूट आणि किमान तीन लिटर पाणी लागते. प्लॅस्टिकच्या फिती वापरू नयेत. त्या गुरांच्या पोटात जातात.

तपासणी: आदल्या दिवशी प्रत्येक हत्याराचा दांडा हातात घेऊन हलवून पाहावा. ढिला दांडा रात्रभर पाण्यात भिजवून घट्ट करण्याची युक्ती दुपारच्या उन्हात फसते, म्हणून पाचर ठोकावी किंवा दांडाच बदलावा.

टप्पा ३: पहिले सत्र हत्याराविना, पावसात

प्रशिक्षणाचा पहिला दिवस जुलै किंवा ऑगस्टमध्ये, चांगला पाऊस चालू असताना घ्यावा आणि त्या दिवशी कोणीही काहीही खणू नये. गटप्रमुखांना घेऊन नियोजित उतारावर आणि जवळच्या जुन्या पायवाटेवर फक्त चालावे. पाणी वाटेत कुठे शिरते, किती अंतर वाटेबरोबर धावते, कुठे बाहेर पडते आणि बाहेर पडताना सोबत माती नेते की स्वच्छ जाते, या चार गोष्टी प्रत्येकाने वहीत नोंदवाव्यात. वीज कडाडत असेल तर अर्थातच हा कार्यक्रम पुढे ढकलावा.

याच दिवशी त्या भागातल्या गुराख्याशी बोलावे. कोणता ओहोळ दोन दिवस वाहतो, कोणता फक्त जोराच्या सरीत, आणि जनावरे कुठून उतरतात हे त्याला ठाऊक असते. गुरांच्या रोजच्या वाटेवर ट्रेल आडवा टाकला तर त्याची कड खुरांनी तुटते. अशी जागा टाळावी, किंवा ओलांडण्याची जागा दगडाने पक्की करावी.

पावसात चालल्यावर सगळ्यांना एक गोष्ट आपोआप कळते. टेकड्यांवरच्या बहुतेक जुन्या वाटा सरळ उताराच्या रेषेत, म्हणजे ओतलेले पाणी ज्या दिशेने थेट खाली जाईल त्याच दिशेने, उतरलेल्या असतात. अशी वाट कितीही दुरुस्त केली तरी ती ओहोळच राहते. तिच्यावर श्रम घालण्यापेक्षा ती बंद करून उताराला आडवी जाणारी नवी वाट आखणे कमी कष्टाचे ठरते.

टप्पा ४: उतार मोजणे आणि वाट आखणे

इथे घाई केली तर पुढचे सगळे काम वाया जाते. उतार टक्क्यांत मोजावा: १० मीटर आडव्या अंतरात ८० सेंटिमीटर चढ असेल तर तो ८ टक्के. क्लायनोमीटर किंवा मोबाईलमधले उतारमापक चालते, पण शिकवण्यासाठी पाणलोटाच्या कामातला हायड्रोमार्कर, म्हणजे दोन खुणा केलेल्या काठ्यांना जोडलेली पाण्याची पारदर्शक नळी, सर्वांत चांगला. त्यात फरक डोळ्यांना दिसतो आणि दोन माणसांना मिळून काम करावे लागते. समतल चराची आखणी करताना दोन्ही काठ्यांवर पाणी सारखे येईपर्यंत सरकतात. इथे मात्र ठरवलेला फरक येईपर्यंत सरकायचे, हे शिकाऊंना दोनदा सांगावे लागते.

आखणीचे तीन नियम आहेत.

पहिला, ट्रेलचा चढ त्या जागच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. डोंगराचा उतार ३० टक्के असेल तर ट्रेल कोणत्याही ठिकाणी १५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. उतार १२ टक्के असेल तर ६ टक्क्यांच्या वर नको. ही मर्यादा ओलांडली की पाण्याला आडवे जाण्यापेक्षा ट्रेलवरूनच धावणे सोपे पडते. दुसरा, संपूर्ण ट्रेलची सरासरी १० टक्क्यांच्या आत ठेवावी. आपल्या पावसाचा जोर पाहता मी ७ ते ८ टक्क्यांवर थांबतो. तिसरा, चढ असो वा उतार, दर ६ ते १५ मीटरवर वाटेने थोडी दिशा बदलावी, म्हणजे उतरता उतरता किंचित वर चढून पुन्हा उतरावे. या उलट्या चढाला आम्ही "लाट" म्हणतो. लाटेच्या खोलगट भागात पाणी वाटेबाहेर पडते आणि पुढच्या तुकड्यात ते पोहोचतच नाही. लाट आखणीतच घातली तर फुकट मिळते. नंतर घालायची म्हटले तर प्रत्येकीला काही घमेली माती वाहावी लागते.

अगदी सपाट जागाही टाळावी. नवख्यांना सपाटी सोपी वाटते, पण तिथे पाणी साचते, चिखल होतो, लोक चिखल टाळायला बाजूने जातात आणि दोन पावसाळ्यांत वाट चार मीटर रुंद होते. काळ्या मातीच्या पट्ट्यातून तर जाऊच नये. ती ओली झाली की टायरला लगद्यासारखी चिकटते आणि सुकली की भेगाळते.

खुंट्या दर ३ मीटरवर, वाटेच्या डोंगराकडच्या कडेला लावाव्यात. आखणी झाल्यावर ती वाट दोन्ही दिशांनी चालावी, आणि आठवड्याने दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्यावी.

तपासणी: कोणत्याही दोन लाटांमध्ये १५ मीटरहून अधिक सलग उतार आढळला तर खुंट्या उपटून तो तुकडा पुन्हा आखावा. "एवढ्याने काय होते" हे वाक्य इथे ऐकून घेऊ नये.

टप्पा ५: हत्यार हातात देण्यापूर्वी

कामाच्या दिवशी सकाळी पंधरा मिनिटे फक्त सुरक्षिततेला द्यावीत. हत्यार खांद्यावर न घेता हात खाली सोडून, पाते पुढे-खाली ठेवून, उताराच्या बाजूच्या हातात धरून चालावे; पाय घसरला तर ते खाली टाकून देता येते. काम करताना दोन माणसांत किमान ३ मीटर अंतर ठेवावे. कोणाजवळून जायचे असेल तर हाक मारावी, त्याने हत्यार जमिनीला टेकवले की मगच पुढे जावे. दगड हलवताना खालच्या बाजूला कोणीही नसल्याची खात्री मोठ्याने ओरडून करावी.

दगडाखाली विंचू असतो, आणि फुरसे किंवा घोणसही असू शकते. म्हणून दगडाखाली बोटे घालायची नाहीत. तो पहारेने किंवा टिकावाने पलीकडच्या कडेने उचलून आपल्याकडे कलता करावा, म्हणजे आतला जीव आपल्यापासून दूर पळतो आणि दगड मध्ये राहतो. सर्पदंशावरचे प्रतिविष उपलब्ध असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवावे. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. माणसाला शांत ठेवून, तो अवयव न हलवता, १०८ ला फोन करून किंवा हाताशी वाहन असेल तर थेट रुग्णालयात न्यावे. वर आग्या मोहोळ दिसले तर त्या दिवशी तिथले काम रद्द करावे. वाळलेल्या गवतात कोणीही विडी-सिगारेट पेटवणार नाही, हेही याच वेळी सांगावे.

टप्पा ६: गवत आणि फांद्या

हा टप्पा लवकर उरकतो. वाटेची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना हातभर, एवढेच साफ करावे. बारीक फांदी छाटताना ती बुंध्याजवळच्या फुगीर भागापाशी करवतीने कापावी. कोयत्याने तिरपे सपासप वार करून झुडपांचे टोकदार खुंट ठेवू नयेत; सायकलवरून पडणाऱ्या माणसाला तेच भोसकतात. झुडूप अगदी वाटेतच येत असेल तर मुळासकट काढावे, नाहीतर वाट वळवावी.

टप्पा ७: बेंच कापणे

बेंच म्हणजे उतारात आत कापून तयार केलेली, चाकाला आधार देणारी पट्टी. ६० ते ७५ सेंटिमीटर रुंदी पुरे. सगळ्यांत महत्त्वाची अट अशी की ही संपूर्ण रुंदी मूळच्या न हललेल्या जमिनीवर असली पाहिजे. अर्धी कापायची आणि अर्धी खणलेल्या मातीच्या भरावावर उभी करायची, हा मार्ग कमी मेहनतीचा वाटतो, पण भराव पावसात खचतो आणि बाहेरची अर्धी वाट खाली जाते.

काम पुढील क्रमाने करावे.

१. कुदळीने पृष्ठभागावरचा गवताचा थर चकत्यांसारखा काढून बाजूला सावलीत ठेवावा. जुनी वाट बंद करताना या चकत्या लागतात.

२. खुंटीच्या रेषेपासून खाली, डोंगराकडून बाहेरच्या दिशेने कापत जावे. एका माणसाने कापावे, दुसऱ्याने माती ओढावी. दोघांनी दर वीस मिनिटांनी कामे बदलावीत.

३. निघालेली माती फावड्याने उतारावर लांब, पातळ पसरून फेकावी. कडेला ढीग राहता कामा नये.

४. डोंगराकडची कापलेली बाजू भिंतीसारखी उभी न ठेवता साधारण ४५ अंशांत तिरकी करावी. उभी बाजू पावसात ढासळते आणि पेडल तिला अडकते. ही बाजू आणि वाट जिथे मिळतात तो कोपरा गोलसर घासावा, अन्यथा त्याच कोपऱ्यात पाण्याची नाळ तयार होते.

५. वाटेला बाहेरच्या बाजूला ५ टक्के ढाळ द्यावा. ७५ सेंटिमीटर रुंदीत हा ढाळ जेमतेम ४ सेंटिमीटरचा असतो. डोळ्यांना तो सपाट वाटतो, आणि नवखे लोक "पडेल ना माणूस" म्हणून तो कमी करतात.

६. बाहेरची कड शेवटी दाताळ्याने घासून उताराशी एकजीव करावी. वाट कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो, हे पायाला कळू नये.

माझ्या स्वतःच्या पहिल्या हंगामात आम्ही जवळपास ४० मीटरच्या तुकड्याला बाहेरच्या कडेने वीतभर उंचीचा सुबक वरंबा घातला होता. चाक खाली जाऊ नये, हा हेतू होता. पुढच्या जूनमधल्या एका संध्याकाळच्या सरीत मी तिथे उभा होतो. पाणी वरंब्याला टेकून साचले, तांबडे झाले, वाटेवरून वेगाने धावू लागले आणि शेवटच्या वळणावर एकाच जागी वरंबा फोडून बाहेर पडले. तिथे गुडघाभर खड्डा पडला आणि खाली पसरलेला मुरूम झुडपांच्या मुळांवर बसला. तेव्हापासून मी प्रत्येक तुकडीत एका माणसाला पाण्याची नेमणूक देतो. त्याच्या हातात कुदळ नसते, फक्त दोन लिटरची बाटली असते. दर ३ मीटर काम झाले की त्याने डोंगराकडच्या कोपऱ्यात पाणी ओतायचे आणि सगळ्यांनी काम थांबवून ते कुठे जाते ते पाहायचे.

पाण्याची टंचाई असेल तर लिंबू वापरावे. ८ टक्के चढ आणि ५ टक्के ढाळ असलेल्या वाटेवर आतल्या कडेला ठेवलेले लिंबू तिरके घरंगळत सुमारे सव्वा मीटरच्या आत बाहेर पडते. ते वाटेबरोबरच खाली धावत राहिले तर ढाळ अपुरा आहे, आणि कडेला येऊन थांबले तर वरंबा शिल्लक आहे. लहान मुले श्रमदानाला आली असतील तर ही चाचणी त्यांच्याकडे सोपवावी; ती अजिबात सूट देत नाहीत.

तपासणी: आठ नवख्या माणसांनी अर्ध्या दिवसात १० ते १५ मीटर बेंच पूर्ण केला तर काम उत्तम झाले. त्याहून खूप पुढे गेले असतील तर भराव कुठे तरी लपलेला आहे असे समजून बाहेरच्या कडेवर टाच दाबत चालावे. टाच रुतली की तो भाग आत सरकवून पुन्हा कापावा.

टप्पा ८: ओहोळ, ओली जागा आणि वळणे

ओहोळ ओलांडताना वाट दोन्ही बाजूंनी ओहोळाकडे उतरली पाहिजे. एका बाजूने उतरून दुसऱ्या बाजूनेही उतरतच गेली, तर तुंबलेला ओहोळ आपली जागा सोडून ट्रेलवरून चालू लागतो. ओलांडण्याच्या जागी दगडी पिचिंग करावे. दगड चपटे आडवे अंथरू नयेत. पुस्तके फळीवर लावतात तसे उभे, एकमेकांना घट्ट खेटून लावावेत आणि दगडाचा बहुतेक भाग जमिनीत राहावा. सर्वांत मोठा दगड खालच्या टोकाला प्रथम बसवावा, कारण बाकीचे त्याच्या आधारावर उभे राहतात. फटींत बारीक खडी ठोकावी. सिमेंट वापरू नये. त्याखालून पाण्याने माती नेली की पोकळ झालेली लादी सबंध तुटते. दगड जवळच्या चरांच्या बांधातून काढून आणणे हा आणखी एक नेहमीचा प्रमाद आहे, आणि त्याने गावाचे पाणलोटाचे काम मोडते.

अरुंद नागमोडी वळण बांधणे हे पहिल्या हंगामाचे काम नव्हे. त्यासाठी समतल कट्टा, खालच्या बाजूला दगडाची कोरडी भिंत आणि पाणी मागच्या बाजूने काढण्याची सोय लागते. नवख्या गटाने वळणे डोंगराच्या सोंडेवर, जिथे जमीन आपसूक सपाट होते तिथेच ठेवावीत आणि प्रत्येक वळणाच्या आधी एक लाट घालून पाणी वळणात शिरण्यापूर्वीच बाहेर काढावे.

इशारा: पाणी अडवायला वाटेत आडवे दगड किंवा ओंडके रोवू नयेत. त्यांच्यामागे गाळ भरतो, चाक आदळते म्हणून लोक बाजूने जातात, आणि पाणी त्या नव्या बाजूच्या वाटेने जाऊ लागते.

टप्पा ९: दाबणे, वाट पाहणे, जुनी वाट बंद करणे

माती ओलसर असतानाच धुम्मसाने दाबून घ्यावी. लाटेचा उंचवटा विशेष काळजीने दाबावा, कारण संपूर्ण ट्रेलवर भरावाची माती फक्त तिथेच असते. त्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे फक्त पायी चालावे. उद्घाटनाची फेरी काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवण्याचा मोह होतो, आणि ताज्या मातीत ब्रेक दाबून उतरलेल्या तीस सायकलींनी ढाळ एका सकाळी नाहीसा होतो.

नवी वाट उघडण्यापूर्वी जुनी सरळ वाट बंद करावी. तोंडाशी काटे टाकणे पुरेसे नाही. ते लोक बाजूला सारतात. जुनी वाट वरून जितकी दूर दिसते तितक्या अंतरापर्यंत तिची दबलेली माती टिकावाने उकरावी, बाजूला ठेवलेल्या गवताच्या चकत्या तिथे लावाव्यात, आणि इथे मात्र उताराला आडवे छोटे दगडी बांध घालावेत. समतल चर खोदणाऱ्या हातांचे कौशल्य नेमके या ठिकाणी उपयोगी पडते, म्हणून हे काम त्यांच्याकडे द्यावे.

टप्पा १०: वर्षभराची देखभाल

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संपूर्ण ट्रेल चालून बाहेरच्या कडेला नव्याने साचलेला वरंबा काढावा. चाके मधली माती दाबतात आणि कडेला ढकलतात, त्यामुळे उत्तम बांधलेल्या ट्रेलवरही तो वर्षभरात येतोच. लाटांच्या खोलगट भागातला पालापाचोळा आणि गाळ उपसावा. जिथे पाणी धावल्याच्या खुणा आहेत तिथे वाटेच्या बाहेरच्या अर्ध्या भागात सुमारे ३ मीटर लांबीचा अर्धवर्तुळाकार उतरता भाग घासून काढावा आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला १५ टक्क्यांपर्यंत ढाळ द्यावा. ही दुरुस्ती एक माणूस एका तासात करू शकतो आणि तिने अनेक तुकडे वाचतात.

जूनमधल्या पहिल्या जोराच्या पावसात गटप्रमुखांनी ट्रेलवर जावे, मोबाईलवर चित्रीकरण करावे, आणि खणण्याचा मोह आवरावा. तुंबलेले एखादे तोंड टाचेने मोकळे करणे एवढेच त्या दिवशीचे काम. पावसाळ्यात ट्रेल चालू ठेवायचा की बंद, याचा निर्णय चाकाच्या खुणेवरून घ्यावा: चाकामागे नुसता ओला पट्टा उमटत असेल तर चालेल, पण खाच पडत असेल तर पाटी लावून ट्रेल बंद करावा. उघडा मुरूम काही तासांत निथळतो. सावलीतला मातीचा तुकडा चार-चार दिवस ओला राहतो, म्हणून पाहणी नेहमी सर्वांत ओल्या जागी करावी.

मोठी दुरुस्ती ऑक्टोबरमध्ये. प्रत्येक लाटेला खुंटीवर क्रमांक द्यावा आणि एका वहीत तिच्यापुढे तारीख, काय आढळले, काय केले आणि कोणी केले हे लिहावे. सलग दोन पावसाळ्यांनंतर एकाच क्रमांकासमोर गाळ उपसल्याची नोंद आली, तर तिसऱ्या वेळी फावडे बाजूला ठेवून हायड्रोमार्कर घ्यावा आणि त्या लाटेच्या वरच्या १५ मीटरचा उतार पुन्हा मोजावा.